गुनारची रायफल आणि पिवळं मार्गारीन

नोव्हेंबरातला बुधवार होता. व्हर्ना टोफ्टे शेगडीपाशी ओटची लापशी ढवळत होती आणि आर्विड तिला पेपरातले मृत्यू वाचून दाखवत होता. सकाळचा कारभार त्यांनी असा वाटून घेतला होता. लापशी तिची, मेलेले त्याचे.

"पलीकडच्या तळ्यावरचा सिव्हर्ट गेला," आर्विड म्हणाला.

"तो मागच्या वर्षीच गेला ना?"

"तो भाऊ त्याचा."

"मग बरोबर. दोघांत मिळून एक रायफल होती. आता ती कुणाकडे जाणार?"

"ते नाही लिहिलेलं," आर्विडने पान नीट धुंडाळून सांगितलं. तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली.

व्हर्नाचा डाव हवेतच थांबला. विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑस्टलंड गावात दार वाजवायची रीत नाही. लोक बुटांचा बर्फ झटकतात, दार ढकलतात आणि 'आहे का कुणी घरात?' हे स्वयंपाकघरात पोचल्यावर विचारतात. दार वाजवून येतो तो एक तर परगावचा विक्रेता, नाही तर ज्याच्या हातून काही घडलंय असा माणूस. आणि परगावचा विक्रेता सकाळी साडेसातला येत नाही.

दारात लायल स्टेनरुड उभा होता. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, वय अडतीस, चर्चच्या समितीत पहिल्या खुर्चीवर आणि गावातला सगळ्यात मोठा आवाज. आज मात्र आवाज घरी ठेवून आला होता. छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक धरलं होतं, जरा हललं तर रडायला लागेल अशा बेताने.

"मिसेस टोफ्टे, आर्विड आहेत का?"

"सदतीस वर्षं आहेत," व्हर्ना म्हणाली. "आत ये. पाय पूस."

लायलने ते गाठोडं टेबलावर ठेवलं. व्हर्नाने लापशीची भांडी एका बाजूला सरकवली आणि गोधडी उलगडली. आत रायफल होती. अंगावरचा गणवेश उतरवून साधे कपडे घातलेला एखादा शिपाई असावा तशी. पुढचं लांबलचक लष्करी लाकूड गेलेलं, नळी आखूड केलेली, आणि दस्ता गडद तांबूस अक्रोडाचा. गालाखाली येणारा त्याचा उंचवटा इतका गुळगुळीत की हात आपोआप त्यावरून फिरावा.

"ही गुनारची," आर्विड म्हणाला. चष्मा न लावताही त्याने ओळखली.

"हो. सासऱ्यांची."

"मग तुझ्याकडे काय करतेय?"

"आमच्याच कपाटात असते. त्यांच्या घरात ओल आहे ना."

"आणि तू ती इथे आणलीयस हे त्यांना ठाऊक आहे?" व्हर्नाने विचारलं.

लायल लापशीकडे बघत राहिला. "मला त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"ते काम तर झालेलं दिसतंय," व्हर्ना म्हणाली. कारण लाकूड आणि लोखंड यांच्या मधल्या फटीतून सगळीकडे तपकिरी राळ ओघळून वाळली होती, उतू गेलेल्या पाकासारखी.

आता इथे व्हर्नाबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण गावाला जे ठाऊक होतं ते अर्धंच होतं.

गावाला ठाऊक होतं ते असं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने जुन्या रायफली स्वस्तात विकायला काढल्या, तेव्हा पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांनी एकेक मागवली, तिचं जड लाकूड फेकून दिलं आणि हिवाळाभर शेगडीपाशी बसून नवा दस्ता कोरला. कोरायला सगळ्यांनाच जमतं. लोखंड लाकडात नीट बसवायला मात्र जमत नाही. दिसायला दोन्ही चिकटून असतात, पण आत केसाएवढी जरी पोकळी राहिली तरी गोळी उडताना लोखंड कूस बदलतं, आणि मग पहिली गोळी पूर्वेला, दुसरी पश्चिमेला, हरीण उत्तरेला. अशी रायफल घेऊन माणूस आर्विड टोफ्टेकडे जायचा. आर्विड म्हणजे दूधसंघाच्या डेअरीत चौतीस वर्षं लोणी काढलेला माणूस. राज्याच्या जत्रेत त्याच्या लोण्याला मिळालेली प्रशस्तिपत्रं दिवाणखान्यात ओळीने लावलेली. तो रायफल हातात घ्यायचा, लाकडावर कान ठेवून टकटक करायचा, 'हं' म्हणायचा आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगायचा. मंगळवारी रायफल तयार. तीन गोळ्यांची भोकं एका बशीएवढ्या जागेत.

गावाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तीन हिवाळ्यांपासून आर्विडचा उजवा हात कापत होता. कॉफीचा कप अर्धाच भरावा लागत होता. 'हं' अजून त्याचं होतं, पटाशी व्हर्नाची. तळघरात ती कंदिलाची काजळी लोखंडाला फासायची, लोखंड लाकडात बसवायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे लागतंय, तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसव, पुन्हा उचल. एका रायफलीला दीडदोनशे वेळा. तिला त्याचं काही वाटायचं नाही. चर्चच्या गायकवृंदाचे बावीस झगे तिने शिवले होते, आणि जिने बावीस माणसांच्या बाह्या खांद्यात बसवल्या, त्यांतही म्हाताऱ्या ओर्लाफच्या एका वर एक खाली असलेल्या खांद्यांत, तिला लोखंड काय जड? लोखंड निदान शिवताना हलत नाही आणि 'जरा ढगळ ठेव' असं सांगत नाही.

आणि लायलबद्दल एकच. या सप्टेंबरात त्याने दुकानाच्या काचेत नवी पाटी लावली होती: 'पटाशी विसरा! दोन डब्यांतली राळ कालवा, रात्रीत रायफल पक्की.' वर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आर्विडची पद्धत चांगलीच आहे हो. घोडागाडीसुद्धा चांगलीच होती." सगळे हसले होते. व्हर्ना केक कापत होती. तिने लायलला कडेचा करपलेला तुकडा दिला होता, आणि तिच्या लेखी तो हिशेब तिथेच मिटायला हवा होता. पण मिटला नव्हता.

"तर राळ लावलीस," ती आता म्हणाली.

"लावली."

"आणि लोखंडाला मेण लावलंस? चिकटू नये म्हणून? तुझ्याच पाटीवर लिहिलंय, तिसरी ओळ."

"बाटलीत थोडंच होतं. ते स्क्रूंना पुरलं. स्क्रू निघाले, देवाची कृपा."

"आणि लोखंडाला?"

लायल काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"तुपकट काहीतरी लावलं की झालं, असं वाटलं मला. शेवटी काम एकच ना."

"लोणी लावलंस?" आर्विडने खुर्ची पुढे ओढली. "रायफलीला लोणी?"

"लोणी नाही," लायल म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "लोणी वाया कशाला घालवायचं."

शेगडीवर लापशी गुरगुरली.

"लायल," आर्विड हळूच म्हणाला, "तुझ्या घरात मार्गारीन आहे?"

"आमच्या हिच्या, आर्डिसच्या, आतेबहिणीने आणलं. राज्याच्या सीमेपलीकडून. एकच डबा."

"पांढरं की पिवळं?"

"...पिवळं."

आर्विड उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. मार्गारीन म्हणजे तेलाचं नकली लोणी. त्याला लोण्यासारखा पिवळा रंग देऊन विकायला विस्कॉन्सिनमध्ये कायद्याने बंदी होती, आणि ऑस्टलंडमध्ये, जिथे प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या मागे पंधरा गायी उभ्या होत्या, तिथे त्या कायद्याची गरजही नव्हती. "चौतीस वर्षं," आर्विड म्हणाला, "मी लोण्यात मान घालून बसलो. त्या वेळी तू गोट्या खेळत होतास. आणि आज चर्चच्या समितीतला माणूस माझ्या टेबलावर, माझ्या लापशीशेजारी..."

"आर्विड, बस," व्हर्ना म्हणाली. "रायफलीचं बघू या. मग त्याला फाशी दे."

तिने पुढे वाकून फटीचा वास घेतला. हसू आलं की ती नेहमी कशावर तरी वाकते, हे आर्विडशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "मार्गारीन लावून रायफल शेगडीजवळ ठेवलीस ना? राळ लवकर वाळावी म्हणून?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वितळून खाली गेलं सगळं. लोखंड कोरडं पडलं." ती सरळ झाली. "मग लाकूड फोडायचं आणि नवा दस्ता घालायचा. दुकानात मिळतात ना तयार?"

ती मुद्दाम म्हणाली. लायलचा चेहरा बघवेना. आता तो खरंच रडतो की काय असं तिला वाटलं, आणि करपलेल्या केकचा उरलेला हिशेब तिथल्या तिथे मिटला.

"ते लाकूड इंगाच्या माहेरचं आहे," लायल म्हणाला. "सासूबाईंच्या. त्यांच्या वडिलांच्या अंगणातला अक्रोड वादळात पडला, त्याची फळी सासऱ्यांनी दक्षिणेतून गाडीच्या टपावर बांधून आणली. दोन हिवाळे कोरत होते. त्या शेजारी बसून विणायच्या आणि म्हणायच्या, इथे अजून थोडं घास. आता त्या नाहीत. मिसेस टोफ्टे, अकरा वर्षं झाली माझ्या लग्नाला. त्या माणसाने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. 'हार्डवेअरवाल्याला विचार', 'हार्डवेअरवाल्याला मीठ दे.' आणि गेल्या रविवारी म्हणाले, शनिवारी शिकार सुरू होतेय, माझ्याबरोबर चल. माझ्या मचाणावर. मला! गेल्या वर्षी त्यांचा नेम वीतभर चुकला होता, म्हणून मी म्हटलं, रायफल पक्की करून ठेवावी. त्यांना शनिवारी सकाळी कळेल, आणि म्हणतील..."

"काय म्हणतील?"

"'लायल' म्हणतील," लायल म्हणाला.

व्हर्नाने गोधडी पुन्हा रायफलीवर ओढली, लापशीचं भांडं त्याच्यासमोर ठेवलं आणि वर लोण्याचा चांगला लिंबाएवढा गोळा घातला. "खा. आणि दुकानात जा. उद्या सकाळी सातला ये. दार वाजवू नकोस, शेजारी बघतात."

तो गेल्यावर आर्विड म्हणाला, "निघेल?"

"थंडीने लोखंड आकसतं. राळही आकसते, पण सारखी नाही, त्या ओढाताणीत पकड सुटते. रात्रभर गारठवू आणि बघू."

"बाहेर ठेवायची?"

"बाहेर ठेव, म्हणजे जेवणाच्या आत पास्टरीणबाई विचारायला येतील की टोफ्ट्यांच्या ओसरीवर गुनारची रायफल का." तिने रायफल उचलली आणि तळघरात नेली. तिथे मोठा आडवा फ्रीझर होता. शेंगा एकीकडे, बटाट्याच्या पोळ्या दुसरीकडे, मध्ये रायफल तिरपी बसली. वर तिने रासबेरीच्या पिशव्या ठेवल्या. गोधडी मात्र वर स्वयंपाकघरातच राहिली, खुर्चीच्या पाठीवर.

दुपारी तीनला बूट आपटल्याचा आवाज आला, दार ढकललं गेलं, आणि गुनार ब्रेक्के स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "आहे का कुणी घरात?"

व्हर्नाचे हात कॉफीच्या किटलीकडे गेले. अशा वेळी हातांना काम द्यावं हे तिला फार पूर्वीच कळलं होतं.

"बसा गुनार. वड्या आहेत, वेलदोडा घातलेल्या."

गुनार बसायला वळला आणि थांबला. अडुसष्ट वर्षांचा, ओंडक्यासारखा सरळ, आणि नजर अजून ससाण्याची. "ही गोधडी आमच्या आर्डिसची."

"हो," व्हर्ना म्हणाली. "कडेला उसवलीय. इथे बघा." आणि तिने बघताबघता अंगठ्याच्या नखाने चांगली बोटभर कड उसवली. पुढच्या आठवड्यात तिला ती खरोखरच शिवून द्यावी लागली.

आर्विडने पेपर तोंडासमोर धरला होता. उलटा.

"शनिवारची तयारी?" व्हर्नाने विचारलं.

"तेच. आर्विड, माझी रायफल बघशील का रे? मागच्या वर्षी वीतभर डावीकडे गेली. ओलीने लाकूड हललंय. उद्या दुपारी हार्डवेअरवाल्याच्या कपाटातून काढतो आणि आणतो. तुझ्याच हातची हवी मला. तो पोरगा विकतो ते दंतमंजन नको. दातवैद्यासारखी रायफल भरतात, काय जमाना!"

"उद्या दुपारी," आर्विड पेपरामागून म्हणाला. आवाज जरा पातळ आला.

"आणि माझं सॉसेज दे ग व्हर्ना. मचाणावर न्यायला." गुनारकडे फ्रीझर नव्हता. गेल्या वर्षीच्या हरणाचं त्याचं सॉसेज व्हर्नाच्याच फ्रीझरमध्ये होतं. "राहू दे, मीच काढतो. मला माहितेय कुठे आहे. रासबेरीच्या खाली."

तो उठलाच. तळघराच्या दारापर्यंत पोचला.

"गुनार, तुमचे गुडघे," व्हर्ना म्हणाली.

"गुडघ्यांना काय झालंय? शनिवारी मचाणावर कोण चढणार, तू?" त्याने कडी काढली.

व्हर्नाने आर्विडकडे पाहिलं. आर्विडने पेपर खाली केला. सदतीस वर्षांत तो बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता आणि दुसऱ्या कुणाशी बोलायची वेळ आली नव्हती, म्हणून खोटं त्याला सुचेना. त्याच्याकडे होतं ते एक खरं, आणि तेच त्याने फेकलं.

"गुनार," तो म्हणाला, "गावात मार्गारीन आलंय."

गुनारचा हात कडीवरच राहिला. मग तो वळला, टेबलापाशी आला आणि बसला. "कुठलं?"

"पिवळं."

"कोणाकडे?"

"ते नाही सांगता येणार."

"चर्चमधलं माणूस आहे?"

आर्विडने प्रामाणिकपणे विचार केला. "आहे."

"मोठं?"

"समितीत बसतं, म्हणजे मोठंच."

व्हर्ना एव्हाना तळघरात होती. वरून गुनारचा आवाज येत होता, "पास्टर! मला शंका होतीच! त्यांच्या बायकोची बिस्किटं खाल्लीयस तू? ती वासाने लोण्याची लागतात, चवीने नाही!" व्हर्नाने रासबेरी बाजूला केली, रायफलीच्या नळीखालून सॉसेज उपसलं, रासबेरी परत लोटली आणि मग फ्रीझरच्या झाकणावर कपाळ टेकून खांदे हलेपर्यंत हसली. वर आली तेव्हा चेहरा रविवारसारखा होता.

"पास्टर नाहीत ते," आर्विड तिसऱ्यांदा सांगत होता.

"तू चांगला माणूस आहेस, आर्विड," गुनार म्हणाला आणि सॉसेज काखेत मारून निघून गेला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला पास्टरांच्या बिस्किटांचा संशय येऊ लागला. त्याबद्दल व्हर्नाने नंतर देवाची क्षमा मागितली, आणि पास्टरीणबाईंना दोन पौंड लोणी नेऊन दिलं, कारण न सांगता.

गुरुवारी सातला लायल आला. दार न वाजवता, पण इतक्या हलक्या पावलाने की त्यापेक्षा वाजवलेलं बरं. त्याला दुपारची बातमी सांगितली तेव्हा तो तळघराच्या पायरीवर मटकन बसला.

"दुपारी? कपाट उघडतील ते!"

"मग आत्ता वेळ आहे," व्हर्ना म्हणाली.

रायफल फ्रीझरमधून निघाली तेव्हा तिच्यावर पांढरी मखमल चढली होती. व्हर्नाने ती उलटी करून जाड गादीवर ठेवली, खालून दोन्ही स्क्रू अर्धे फिरवून आत घातले. आता त्यांच्या डोक्यांवर ठोकायचं. हळू, पुढे एक, मागे एक. जोराने ठोकलं तर लाकूड चिरणार, हळू ठोकलं तर काहीच होणार नाही. लाकडी हातोडा आर्विडने उचलला. ती त्याची जागा होती. लायल समोर बसला होता, आणि त्याच्यासमोर गावातला आर्विड टोफ्टे उभा होता.

हातोडा कापायला लागला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग दोन्ही कापायला लागले.

"इंगाचं लाकूड आहे," आर्विड शेवटी म्हणाला आणि हातोडा व्हर्नाकडे दिला. "तू कर."

तिने घेतला. टक, पुढे. टक, मागे. कान लाकडाजवळ. टक. टक. लायलचा श्वास ऐकू येत होता. विसाव्या की पंचविसाव्या ठोक्याला आवाज बदलला, भरल्या मडक्याचा रिकाम्या मडक्यासारखा झाला, आणि लोखंड हलकेच लाकडातून सुटलं. तिने उचललं. लाकडाला ओरखडा नव्हता.

लायल लोखंडाकडे बघतच नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"कधीपासून?"

"तीन हिवाळे."

"म्हणजे माझीसुद्धा? मागच्या वर्षी?"

"तुझ्या रायफलीने तर माझे चार दिवस घेतले. तू आत काहीतरी डिंक घातला होतास."

"आणि मी दुकानात सगळ्यांना सांगत होतो, आर्विडचा हात अजून पंचविशीचा आहे म्हणून!"

"ऐकलं होतं मी," व्हर्ना म्हणाली. "बरं वाटलं होतं. कशी का होईना, स्तुती." तिने दस्ता उजेडात धरला आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. राळेत लोखंडाचा ठसा उमटला होता, कडा न् कडा, खाच न् खाच. दोनशे वेळा काजळी फासून ती जिथे पोचायची तिथे हे दंतमंजन एका रात्रीत पोचलं होतं. एका कोपऱ्यात मार्गारीन साचून चारदोन फुगे राहिले होते, तेवढंच. तिला राग यायला हवा होता. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "झकास आहे रे."

"खरंच?"

"खरंच. धक्का झेलणारा खुंट आहे ना, त्याच्या पुढे आणि बाजूला जरा मोकळं करायला हवं, नाही तर अडकून बसेल. पाठीला मात्र घट्ट टेकू दे. नाही तर अडकून बसेल." तिने पटाशी घेतली. आर्विडने दिवा धरला. दिवा हलत होता, पण तिला त्या हलत्या उजेडाची सवय होती. बाहेर ओघळलेली राळ तिने खरवडली, जवसाचं तेल चोळलं. दहा वाजेपर्यंत अक्रोड असा दिसायला लागला की इंगा असती तर विणणं खाली ठेवून म्हणाली असती, बास आता.

"पण सासऱ्यांना काय सांगू?" लायल म्हणाला.

"रायफल आर्विडकडे तू स्वतः आणून दिलीस की नाही?"

"दिली."

"त्यांना चालत यायचा त्रास वाचवलास की नाही?"

"वाचवला... हो. वाचवला."

"मग तेवढं सांग. कुठल्या दिवशी आणली ते कोण विचारतंय? आणि आत राळ आहे हे शनिवारी संध्याकाळी सांग. हरीण टांगून झाल्यावर. पोटभर जेवण झाल्यावर."

"आणि ते..." लायलने मान खाली घातली, "ते पिवळं?"

"ते आम्ही विसरलो," व्हर्ना म्हणाली.

"मी नाही विसरणार," आर्विड म्हणाला. "पण बोलणार नाही."

लायल उभा राहिला. त्याने टोपी हातात घेतली, आर्विडच्या हाताकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. "मीही बोलणार नाही. कुणाचंच काही. काचेतली ती पाटीसुद्धा काढतो."

"पाटी राहू दे. तिसरी ओळ मोठ्या अक्षरात लिही."

तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "आता दुपारच्या आत तपासायला हवी. मी आणि आर्विड खडीच्या खाणीवर जातो. आर्विड गाडीत बसतील, मी तीन गोळ्या मारतो. तासाभरात परत." त्याने रायफल गोधडीत गुंडाळायला घेतली. "मिसेस टोफ्टे, तुम्हाला काय हवं ते मागा. मी खरंच सांगतोय. दुकानातलं काहीही. नवी पटाश्यांची पेटी आलीय, स्वीडनची."

"माझी पटाशी चांगली आहे," व्हर्ना म्हणाली.

तिने ऍप्रन काढला आणि घडी घालून खिळ्याला अडकवला. खुंटीवरून आर्विडचा जाड कोट घेतला आणि अंगात चढवला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. खडीच्या खाणीवर बायका जात नसत. शिकारीच्या आधीच्या आठवड्यात तिथे गावातले सगळे पुरुष नेम तपासायला जमायचे, आणि बायका चर्चच्या तळघरात सूप करायच्या. आर्विडने तिच्याकडे पाहिलं आणि हातातला दिवा विझवला.

"चौतीस रायफली बसवल्या मी," व्हर्ना म्हणाली. "लोक भोकं पडलेले कागद आणतात आणि आर्विडला दाखवतात. मी एकीतूनही गोळी मारलेली नाही. हिच्यातून पहिल्या तीन गोळ्या मला मारू दे."